कोलेस्टेरॉलने जडावलेले पहारेकरी

मोतीबिंदू काढला, चष्मा बदलला, तरी समोरच्याचा चेहरा धूसर; कडेची खिडकी मात्र लख्ख दिसते. साठीनंतरच्या या तक्रारीमागे पुष्कळदा मॅक्युलाचा ऱ्हास असतो. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणूस ओळखणे, सारे त्याच्या भरवशावर चालते.

या ऱ्हासाच्या कोरड्या प्रकारात पडद्याखाली चरबी आणि प्रथिनांचे पिवळसर साठे जमतात आणि नजर हळूहळू मंदावते. ओला प्रकार अधिक घातक. त्यात पडद्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात आणि मधली नजर झपाट्याने जाऊ शकते.

या रक्तवाहिन्यांना खतपाणी कोण घालते? अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. राजेंद्र आपटे यांच्या गटाने २०१३ मध्ये याचे एक उत्तर दिले: म्हाताऱ्या झालेल्या मॅक्रोफेज पेशी. मॅक्रोफेज हे रोगप्रतिकार यंत्रणेतले भक्षक. जंतू, मेलेल्या पेशी, चरबीचा कचरा ते गिळतात. गिळलेले कोलेस्टेरॉल बाहेर टाकण्यासाठी त्यांच्या आवरणात ‘एबीसीए१’ नावाचे प्रथिन असते. वय वाढते तसा ‘मायक्रोआरएनए-३३’ हा रेणू या प्रथिनाची निर्मिती दाबतो. कोलेस्टेरॉल आतच साचते आणि पेशीचा स्वभावच पालटतो: नव्या रक्तवाहिन्यांना आवर घालणारी पेशी आता त्यांना उत्तेजन देऊ लागते.

हे प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये या पेशी अकालीच म्हाताऱ्यासारख्या वागू लागल्या. उलट मायक्रोआरएनए-३३ रोखले, किंवा औषधाने कोलेस्टेरॉलचा निचरा पुन्हा सुरू केला, तेव्हा बिघाड मागे फिरला. संशोधनाचा हा भाग सर्वांत मोलाचा, कारण पेशींचे म्हातारपण निदान उंदरात तरी परतवता आले. मॅक्युलाचा ऱ्हास झालेल्या वृद्धांच्या रक्तातील मोनोसाइट, म्हणजे ज्यांच्यापासून मॅक्रोफेज घडतात त्या पेशी, तपासल्या तेव्हा तिथेही असेच बदल आढळले.

उंदरांवरचा हा उपाय अजून दवाखान्यात पोहोचलेला नाही. ओल्या प्रकारात आज डोळ्यात इंजेक्शन देतात. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. ते रक्तवाहिन्या वाढवणारा ‘व्हीईजीएफ’ हा घटक अडवते, पण परिणाम ओसरत असल्याने पुन्हा पुन्हा टोचून घ्यावे लागते. शिवाय उशीर परवडत नाही. एक डोळा झाकल्यावर दाराची सरळ चौकट वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात पडदा तपासून घ्यावा. धूम्रपानाने या आजाराचा धोका वाढतो, हे तर पक्के ठाऊक आहे.

हृदयाच्या धमन्यांत साचणाऱ्या चरबीच्या थरांतही कोलेस्टेरॉलने फुगलेल्या मॅक्रोफेज पेशीच सापडतात. म्हणूनच आपटे यांच्या गटाला हा निचरा सुधारणारी औषधे डोळ्यापलीकडच्या, वयाबरोबर येणाऱ्या इतर आजारांतही उपयोगी पडतील अशी आशा वाटते.