बिननावाचा पाईप

वेस्ट मांबलममध्ये, आर्य गौडा रोडवरच्या अयोध्या मंडपापासून दोन गल्ल्या आत माझी आत्या राहते. यंदा तिचं घर आवरायला काढलं, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या रेल्वे पासांखाली एक पाईप निघाला. आमच्या घराण्याची नोकरी सदर्न मराठा रेल्वेत, आणि तिची मुख्य कचेरी धारवाडला होती. 1908 साली ती मद्रास रेल्वेत मिळाली आणि कंपनीचा कारभार मद्रासला गेला, तसं आमचं घराणंही गेलं. पाईप त्याच नोकरीच्या काळातला. आत्याचं म्हणणं, "कंपनीचं नाव आहे बघ त्यावर, मला लागत नाही." मी भिंग आणायला सांगितलं.

पाइपाचे तीन भाग: तंबाखू भरायची वाटी, तिच्यातून निघणारा लाकडी दांडा आणि तोंडात धरायची नळी. नाव असतं ते बहुतेक दांड्याच्या डाव्या-उजव्या अंगावर ठोकलेलं, म्हणजे नेमकं जिथं बोटं घासतात तिथं. म्हणून आधी तिथं बघावं, पण पुसायच्या आधी बघावं. पॉलिश, सँडपेपर, चिंचेचं पाणी असलं काही लावलं की उरलीसुरली अक्षरं गेलीच म्हणून समजा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च दांड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा आणि पाईप हळूहळू फिरवायचा. समोरून टाकलेल्या उजेडात जे सपाट दिसतं, त्यात आडव्या उजेडाने सावल्या पडतात. मोबाइलने दर कोनातून फोटो काढून ठेवावेत. एका फोटोत एक अक्षर लागतं, दुसऱ्यात दुसरं.

आमच्या पाइपावर तासाभराने '…यूयेर गारांती' एवढं लागलं. आत्या खूश झाली. मला मात्र पुढचं सांगावं लागलं, की 'ब्रूयेर गारांती' ही कंपनी नव्हे. 'अस्सल ब्रायर, खात्रीचं' एवढाच त्या फ्रेंच शब्दांचा अर्थ. तुपाच्या डब्यावरचं 'शुद्ध' वाचून तूप कुणाचं ते कळत नाही, तसंच हे. त्यावरून पाईप फ्रान्सचाच असंही म्हणता येत नाही, कारण हीच अक्षरं इतर देशांतल्या कारखान्यांनीही वापरली. 'लंडन मेड'चीही तीच गत: गाव कळतं, घर नाही.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याची, जमिनीत वाढणारी गाठ. ती सहजी जळत नाही. फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरातलं सां-क्लोद हे कातारी कामाचं गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या गाठीचे पाईप करू लागलं आणि मातीचे पाईप मागे पडले. समुद्रफेसासारखा पांढरा, हलका पाईप असेल तर तो मीअरशॉम. तो दगड तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ निघतो. आमच्या पाइपाला गडद लाकडी रेषा होत्या, म्हणजे ब्रायर.

मग नळी. अक्षरं पुसली गेली तरी नळी बोलते. आमची काळी. लोकरी कापडावर जोरात घासून लगेच नाकाशी नेली तर गंधकाचा वास आला, म्हणजे व्हल्कनाइट, गंधक घालून कडक केलेलं रबर. हे उजेडात आणि दमट हवेत हिरवट-तपकिरी पडतं. चेन्नईत तर खिडकीत ठेवलेली नळी लवकरच शेवाळी दिसू लागेल. म्हणून रंगावरून वय ठरवू नये. आमची ट्रंकेत होती, काळीच राहिली. गरम पाण्यात बुडवायचा मोह टाळावा, कारण व्हल्कनाइट वाकवलेलं असेल तर उष्णतेने पुन्हा सरळ व्हायला बघतं.

नळी दांड्यातून हलक्या हाताने, पीळ देत काढावी. आत जी खुंटी असते ती फार उपयोगाची. हाडाची, आटे पाडलेली खुंटी म्हणजे पाईप बहुतेक पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा किंवा त्याआधीचा. नळीतूनच घडवलेली साधी गोल खुंटी म्हणजे सहसा नंतरचा. धातूची आट्यांची खुंटी आणि तिच्या पुढे चोचीसारखी धातूची नळी दिसली तर अमेरिकेकडे बघावं. केवूडीसारख्या कंपन्यांची ती खूण. नऊ मिलिमीटरचा फिल्टर बसेल एवढं भोक असेल तर जर्मनीचा संशय घ्यावा. ओठाकडचं टोकही बघावं: धूर यायला बारीक गोल भोक असेल तर नळी जुनी, आडवी फट असेल तर अलीकडची. भोक टोकाला नसून वरच्या अंगाला, टाळूकडे तोंड करून असेल तर डब्लिनचा पीटरसन मनात यायलाच हवा. धूर जिभेवर येऊ नये म्हणून त्यांनी 1898 साली ती रचना केली.

नळीवरचे ठिपकेही अक्षरांइतकेच खरे. एक पांढरा ठिपका डनहिलचा. नळीची वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून तो बसवला गेला आणि पुढे तीच ओळख झाली. चार ठिपके सासिएनीचे. हा गृहस्थ आधी डनहिलकडेच होता, 1919 साली बाहेर पडून त्याने स्वतःचा कारखाना काढला. पितळी लंबगोल चकती 'जीबीडी'ची. चकती पडली असेल तरी तिची खोबण राहते, म्हणून नळीवर भिंगाने रिकामी खोबण शोधावी. आमच्या नळीवर काहीच नव्हतं.

दांड्यावर मात्र धातूचं कडं होतं आणि त्यावर चार छाप. इथे माझाही श्वास जरा अडकला. इंग्लंडमध्ये चांदी तपासून छापली जाते: चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबळ्याचं तोंड म्हणजे लंडन, शिवाय वर्षाचं अक्षर आणि कडं पाठवणाऱ्याची आद्याक्षरं. हे छाप खरे असतील तर पाइपाचं वर्ष जवळपास हातात येतं. आमच्यावर सिंहासारखं काहीतरी होतं, एक ढाल होती आणि 'ई', 'पी'. ई.पी. म्हणजे इलेक्ट्रोप्लेट, वरून चांदीचा मुलामा. सिंह नुसता शोभेचा. स्वस्त पाइपांवर असे चांदीसारखे दिसणारे छाप सर्रास मारत. खऱ्या कड्यावरूनही कडं कुणी केलं तेवढंच कळतं, पाईप कुणी केला ते नाही, हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला.

खरी अडचण इथेच आहे. आपण 'कुणी केला' असं एकवचनी विचारतो. ब्रायरचे ठोकळे कॉर्सिका किंवा अल्जीरियातून यायचे, वाटी सां-क्लोदमध्ये कातली जायची, नळी दुसरीकडे, कडं तिसरीकडे. आणि लंडनचा किंवा मद्रासचा दुकानदार आपलं नाव ठोकून, किंवा न ठोकता, विकायचा. मोठ्या कारखान्यांत लाकडात बारीक खड्डे निघाले की तो माल मुख्य नावाने जात नसे. डनहिलने अशा पाइपांसाठी 1922 साली पार्कर नावाची वेगळी कंपनीच काढली. इतरांचा माल बिननावानेही जाई. हे खड्डे लांबी भरून, रंग देऊन झाकत. पाईप उजेडात फिरवून लाकडाच्या रेषा कुठे अचानक थांबतात ते बघावं. आमच्यात वाटीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढं एक ठिगळ सापडलं.

शेवटी आतलं काम. पाईप पुसायची काडी दांड्यातून सरकवली की ती वाटीच्या तळाशी, बरोबर मधोमध यायला हवी. आमची किंचित डावीकडे आली. घाईचा हात. वाटीची कडा एका बाजूला जास्त जळली होती, पण ती खूण ओढणाऱ्याची, बनवणाऱ्याची नव्हे. 1893 साली छापून आलेल्या 'द यलो फेस' या गोष्टीत शेरलॉक होम्स असल्याच जळक्या कडेवरून पाइपाचा मालक डावखुरा असल्याचं ओळखतो. मी विचारलं, आजोबा डावखुरे होते का? आत्या म्हणाली, "छे. दिव्यावर पेटवायचे, आईची बोलणी खायचे. मांबलमचे डास पळतात म्हणून सांगायचे."

त्या जुन्या मद्रासी डासांना पाईप किती पुरा पडला असेल ही शंकाच आहे.

या खुणा एकत्र ठेवून मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलने लिहिलं: 'ब्रायर. व्हल्कनाइटची नळी, साधी खुंटी, फट असलेलं टोक. मुलाम्याचं कडं. बहुधा सां-क्लोदची वाटी, दोन महायुद्धांच्या मधला काळ. मध्यम प्रतीचा. कारखाना ठरत नाही.' पुठ्ठा सुती दोऱ्याने दांड्याला बांधला, अक्षरांवर दोरा येणार नाही असा.

आत्याने तो दोनदा वाचला. "'बहुधा' खोडता येईल का?"

मी नाही म्हणालो. तिने पाईप तसाच पासांच्या डब्यात ठेवला आणि कॉफीचं पाणी ठेवायला आत गेली.