कुंभीर ते कोंपिरा

जपानच्या शिकोकू बेटावरील कागावा प्रांतात झोझु नावाचा डोंगर आहे. झोझु म्हणजे हत्तीचे मस्तक. त्यावरील कोतोहिरा-गू हे शिंतो देवस्थान सागरप्रवाशांचे रक्षणकर्ते मानले जाते. मुख्य मंदिरापर्यंत ७८५, तर वरच्या देवळापर्यंत एकूण १३६८ दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. तेथे येणारे लोक या स्थानाला आजही जिव्हाळ्याने 'कोंपिरा-सान' म्हणतात. आम्हा पालीच्या अभ्यासकांचे लक्ष वेधते ते हेच नाव.

'कोंपिरा' हे 'कुंभीर' या भारतीय शब्दाचे जपानी रूप होय. कुंभीर म्हणजे मगर. दीघनिकायातील महासमय सुत्तात राजगृहाच्या वेपुल्ल पर्वतावर राहणाऱ्या कुंभीर यक्षाचा उल्लेख येतो. पुढे महायान परंपरेत भैषज्यगुरू बुद्धाच्या बारा यक्षसेनापतींत कुंभीराची गणना झाली आणि चीनमार्गे हे नाव जपानला पोहोचले.

१८६८ पर्यंत या डोंगरावर बौद्ध व शिंतो उपासना एकत्र नांदत होत्या. त्या वर्षी मेइजी शासनाने त्या विलग करण्याचा आदेश काढला आणि हे स्थान केवळ शिंतो ठरले. ६२८व्या पायरीजवळची आसाही-शा ही भव्य वास्तू पूर्वी बौद्ध मंदिराचे मुख्य सभागृह होती. आज तेथे शिंतो देवता आहेत.

यक्षपूजा म्हणजे धम्म नव्हे, हे आपण जाणतो. तथापि आदेशाने वास्तूची ओळख पुसता आली, लोकांच्या जिभेवरचा शब्द पुसता आला नाही. अशा शब्दांचा माग काढणे हे आपले कर्तव्य आहे. कारण काही ठिकाणी बौद्ध इतिहासाचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.