वाऱ्याला वाट देणारी दुर्बीण

पावसाळ्यात तुझी छत्री कधी उलटली आहे? सुसाट वारा येतो, छत्री फुगते आणि फटाक! सगळ्या काड्या आभाळाकडे!

आता अशीच एक उलटी छत्री डोळ्यांसमोर आण. पण ४५ मीटर रुंद! आणि अशा किती? तब्बल ३०!

खोटं वाटतंय? मग चल खोडदला! पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आहे हे गाव. तिथे आणि आसपासच्या शिवारात जीएमआरटी नावाच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या पकडतात. रेडिओ लहरी म्हणजे काय? डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच म्हण ना!

पण एवढ्या मोठ्या तबकडीला वारा ढकलणार नाही का? ढकलणारच! मग ती खूप जाड, खूप भक्कम बांधायची? तेवढे पैसे आणायचे कुठून?

शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी भन्नाट युक्ती काढली. वाऱ्याशी भांडायचंच नाही. त्याला वाट द्यायची! म्हणजे छत्रीचं कापडच काढून टाकायचं!

प्रत्येक तबकडीला पोलादी नळ्यांच्या १६ वाकड्या काड्या आहेत. त्यांच्यामध्ये तारेचे दोर ताणून बसवलेत. दोरांवर बारीक तारेची जाळी. ती तार किती जाड? जेमतेम अर्धा मिलिमीटर! दोर जाळीला ओढून धरतात, म्हणून तिला खोलगट आकार येतो. आणि वारा? बहुतेक सगळा आरपार!

थांब, थांब! मग लहरीही भोकांतून निसटत असतील की!

नाही ना! इथेच तर गंमत आहे! ही दुर्बीण पकडते त्यातली लहानात लहान लहरसुद्धा साधारण २० सेंटिमीटर लांब असते. म्हणजे जवळजवळ मोठ्या माणसाची एक वीत! आणि जाळीचं भोक? फार तर २ सेंटिमीटर! एवढ्याशा भोकातून वीतभर लहर कशी जाणार? तिच्यासाठी ती जाळी म्हणजे सलग पत्राच! ती आदळते आणि परत फिरते.

वादळ आलं तर? तबकड्यांची तोंडं सरळ वर करून ठेवतात. मग आडव्या वाऱ्यासमोर फक्त कडेची बाजू येते. वाऱ्याचा जोर कमी लागतो!

आता तुझी परीक्षा. जाळीची भोकं मध्यभागी १ सेंटिमीटरची आहेत, काठाकडे २ सेंटिमीटरची. काठाला मोठी भोकं ठेवून वाऱ्याच्या बाबतीत काय फायदा झाला असेल?

उघडी छत्री दांड्याने धर. मित्राला आधी दांड्याजवळ हलकेच ढकलायला सांग, मग काठाला. मनगट कधी जास्त पिरगळतं? उत्तर तुझ्या हातातच आहे!