स्वरलिपीच्या मुद्रणातील उभे अंतर व पृष्ठभंग

भंडारा जिल्ह्यातील दंडारीची गीते झाडीबोलीच्या अभ्यासकास विशेष उपयोगी आहेत. मात्र चालीसह ती नोंदवावयाची, तर शब्द व स्वर एकत्र छापावे लागतात. भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत वर स्वर, त्याखाली गीताक्षरे व तळाशी तालचिन्हे अशा तीन ओळी येतात. मंद्र स्वराचा बिंदू स्वराखाली असतो, तर अनुस्वार अक्षरावर. ओळी फार जवळ आल्या की एकीचा बिंदू दुसरीच्या पदरात पडतो. मंद्र निषादाखाली ‘घरात’ यातील ‘रा’ आला, तर वाचक ‘घरांत’ असे वाचतो. १९६२ पूर्वीच्या लेखनात एकवचनीही अनुस्वार देत असत, तेव्हा ही चूक खपून गेली असती. त्या वर्षीच्या लेखननियमांनंतर हा बिंदू अनेकवचन ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या एका टिपणात असेच घडले व दुसऱ्या मुद्रितापर्यंत ते ध्यानी आले नाही.

‘लिलीपॉण्ड’ ही १९९६ पासून विकसित होत आलेली संगीतमुद्रणाची मुक्त आज्ञावली होय. ती मुळात पाश्चात्त्य पंचरेषा-लिपीसाठी आहे. तथापि तिचा अंतरविचार आपणांसही घेण्याजोगा आहे. दोन ओळींतील अंतर तीत चार मानांनी सांगतात : इष्ट अंतर, किमान अंतर, मोकळीक आणि ताणक्षमता. यांपैकी किमान अंतर ओळींच्या ठरावीक संदर्भबिंदूंपासून मोजले जाते, त्यामुळे लोंबणारा बिंदू त्याच्या हिशेबात येत नाही. मोकळीक मात्र प्रत्यक्ष शाईच्या कडेपासून मोजतात. आपला बिंदू राखते ती हीच. पान भरून काढण्यासाठी आज्ञावली ओळी ताणते, तेव्हा स्वर व अक्षरे यांमधील ताणक्षमता अत्यल्प आणि दोन आवर्तनांमधील अधिक ठेवावी. नाही तर अक्षरे आपल्या स्वरापासून सुटून खालच्या आवर्तनाला चिकटल्यासारखी दिसतात.

पृष्ठभंगाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. तो समेवरच असावा हा आग्रह बरोबर नाही. त्रितालातील पुष्कळ चिजा नवव्या मात्रेपासून उठतात व छापील ओळही तेथूनच सुरू होते. पान तेथेच उलटावे. ‘येथे पान तोडा’ अशी आज्ञा देण्यापेक्षा ‘येथे तोडू नका’ ही आज्ञा बरी, कारण मागे एक कडवे वाढले की पहिली आज्ञा भलत्याच जागी लागू होते. अशा मनाईने पानाच्या तळाशी कोरी जागा उरते. शेवटचे पान लिलीपॉण्ड आपण होऊन न ताणता सोडते. आधीच्या पानांसाठी तसे वेगळे सांगावे लागते.