लादीला घाम का फुटतो?

आजचा विषय साधा वाटेल, पण तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात ज्यांनी जून ते सप्टेंबर काढलेत त्यांना तो साधा वाटणार नाही. घरातली ओल. म्हणजे गळकं छप्पर नव्हे, हवेतली ओल. ती दिसत नाही, आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी चढली की मगच कळते.

अच्छाडला आम्ही तीन पावसाळे काढले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातची हद्द अगदी लागून. नवऱ्याची नोकरी कारखान्यात, खोली भाड्याची. वर स्लॅब, खाली लादी, एक खिडकी. दुसऱ्या पावसाळ्यात मुलीला खोकला सुरू झाला. दिवसा ठीक, रात्री मात्र छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. औषध दिलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "पलंगामागची भिंत बघितलीय का?" नव्हती बघितली. घरी येऊन पलंग ओढला, तर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके.

आता हे होतं कसं? हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. २० अंशाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम, ३० अंशाला ३० ग्रॅम. आर्द्रता ८० टक्के म्हणजे जेवढी वाफ मावू शकते तिच्या ८० टक्के आत आहे. हीच हवा गार लादीला टेकली की तिथे आकडा चढतो, शंभरला पोचला की पाणी सुटतं. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना, तेच. बुरशीला तर थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतची आर्द्रता ७५-८० टक्क्यांवर काही दिवस टिकली तरी तिचं भागतं. पलंगामागे हवा फिरत नाही, म्हणून ती आधी तिथेच येते.

यात आमचीही भर होती. गॅस जळताना पाणी तयार होतं, हे मला माहीतच नव्हतं! १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं. वर भाताची वाफ, आंघोळ, श्वास. आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे खोलीत बांधलेली कपड्यांची दोरी. पिळलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातून दीड-दोन लिटर पाणी सहज हवेत जातं.

"मग खिडकी उघडायची," असं सगळे सांगतात. मीही दिवसभर उघडी ठेवायची. पण हिशेब बघा. आत २८ अंश आणि ८० टक्के, म्हणजे घनमीटरला साधारण २२ ग्रॅम. बाहेर पाऊस कोसळतोय, २६ अंश आणि ९५ टक्के, म्हणजे २३ ग्रॅम. खिडकी उघडून मी पाणी आतच घेत होते. तेच दुपारी उघडीप मिळाली, बाहेर ३१ अंश आणि ६५ टक्के झाले, की २१ ग्रॅम. तेव्हा दारं-खिडक्या सताड उघडा, पंखा लावा. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी मात्र पाऊस असला तरी वाफ बाहेर काढायलाच हवी, कारण तेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा ओली असते.

हे अंदाजाने जमत नाही, म्हणून काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. तो खरं बोलतो का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. माझा ७९ दाखवत होता, मग प्रत्येक वेळी चार वजा करायचे.

दुसरी एक परीक्षा आहे, ती या भागात फार कामाची. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत राहिले. धुंदलवाडीकडे लोक घराबाहेर झोपत होते. त्यात कितीतरी भिंतींना तडे गेले, आणि तड्यातून पाऊस आत झिरपतो. मग ओल हवेतली की भिंतीतली? प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा, दिवसभर ठेवा. वरून ओला झाला तर हवेतली. प्लास्टिकच्या मागे पाणी आलं तर भिंतीतली, आणि तिथे खिडकीचा हिशेब उपयोगाचा नाही, बाहेरून तडा बुजवायला हवा.

शेजारच्या पाड्यातल्या मावशी मला हसायच्या. "आमच्या कुडाला नाय घाम येत!" खरंच होतं ते. कारवीच्या काठ्या, वर माती-शेणाचा लेप. माती हवेतली जास्तीची वाफ शोषते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. लादी आणि ऑइलपेंटला हे जमत नाही. भाताची कणगीही त्या शेणाने लिंपायच्या, आणि बियाणं चुलीवरच्या माळ्यावर ठेवायच्या. अर्थात चुलीचा धूर बियाण्याला मानवतो, फुफ्फुसाला नाही. त्यामुळे जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही.

आकडा किती हवा? ६० टक्क्यांखाली असला तर उत्तम. गादीतल्या धूळकिड्यांना तर ५० च्या खालची हवाच सोसत नाही, पण अच्छाडच्या जुलैत ५० विसरा. एसी असेल तर खोली बंद करून तासभर 'ड्राय'वर चालवा, नळीतून पडणारं पाणी म्हणजे तुमच्याच खोलीतली वाफ. आमच्याकडे एसी नव्हता. आम्ही पलंग भिंतीपासून वीतभर सरकवला, दोरी पडवीत नेली, ठिपके साबणाच्या पाण्याने पुसून भिंत सुकवली आणि उघडीप साधून खिडकी उघडू लागलो. ८८ चा आकडा बहुतेक दुपारी ७० च्या आसपास यायला लागला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात खोकला, धाप आणि दम्याचा त्रास जास्त आढळतो, असं त्यात म्हटलंय. म्हणजे डॉक्टरांचा प्रश्न उगाच नव्हता. मुलीचा पंप सुटला नाही, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच राहिला. पण तिसऱ्या पावसाळ्यात रात्री उठून तिला मांडीवर घेऊन बसायची वेळ दोनदाच आली. आदल्या वर्षी मी मोजणं सोडून दिलं होतं.