वाफाऱ्याचे पात्र निवडताना

लखनौच्या इंदिरा नगरात आमचे घर आहे. वस्तीला लागूनच कुकरैलचे राखीव जंगल आहे आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था उभी आहे. १९५९ साली निराळ्या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेला आजचे नाव १९७८ साली मिळाले. शेजारच्या बाराबंकी जिल्ह्यात जपानी पुदिन्याची जी मोठी शेती होते, तिच्यामागे या संस्थेने तयार केलेल्या वाणांचा मोठा हात आहे. मे-जून महिन्यांत तिकडच्या गावांतून गेलात, तर शेताच्या कडेला पुदिन्याचे तेल काढण्याच्या टाक्या तापत असलेल्या दिसतात आणि डोळ्यांना गारवा झोंबतो.

हे सांगण्याचे कारण असे की, पौष-माघात इकडे दाट धुके उतरले म्हणजे घरोघरी वाफारा सुरू होतो. आणि त्या वेळी प्रत्येक घरात नकळत तोच प्रयोग चालतो, जो बाराबंकीचा शेतकरी टाकीत करतो. सुकलेल्या पाल्यातील सुगंधी द्रव्य वाफेच्या खांद्यावर बसवून बाहेर काढायचे, एवढाच तो प्रयोग. शेतकऱ्याला त्याचे पात्र कसे असावे हे ठाऊक असते. आपण मात्र बाजारात जातो आणि रंग पाहून पात्र उचलतो. म्हणून, श्रोतेहो, आज या पात्राच्या निवडीविषयी थोडे बोलावे असे योजले आहे.

प्रथम वाफेचे काम समजून घेऊ. ओव्यात थायमॉल असते, निलगिरीच्या पानांत सिनिओल असते, तुळशीत युजेनॉल असते, जपानी पुदिन्यात मेंथॉल असते. यांतील सिनिओल सुमारे १७६ अंश सेल्सियसला उकळते आणि मेंथॉल २१२ अंशांना. पाणी तर शंभर अंशांना उकळते. मग शंभर अंशांच्या वाफेबरोबर ही द्रव्ये वर येतात कशी? त्याचे उत्तर असे की, एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले, म्हणजे दोघांच्या वाफेचा दाब एकत्र होतो. तो हवेच्या दाबाइतका झाला की मिश्रण उकळू लागते, आणि ही वेळ शंभर अंशांच्या किंचित आधीच येते. कन्नौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगीतून बांबूच्या नळीने सुगंध भपक्यात उतरवतात, तेही याच नियमाच्या आधारे.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. जे द्रव्य वाफेबरोबर उडत नाही, ते वाफाऱ्यात येणार नाही. अडुळशाचा गुण ज्या वासिसिनात आहे, ते पातेल्यातच राहते. ज्येष्ठमधाचा गोडवाही तळाशीच राहतो. हळदीला वास असला, तरी तिचे पिवळे द्रव्य वर चढत नाही. अडुळसा आणि ज्येष्ठमध यांची जागा काढ्यात. वाफेसाठी ओवा, निलगिरी, तुळस, गवती चहा अशी वास देणारीच वनस्पती हवी. आणखी एक गंमत म्हणजे, आपण चटणीला वापरतो त्या पुदिन्यात मेंथॉल फारसे नसते. त्याचा वास मुख्यतः कार्व्होनचा असतो. मेंथॉलसाठी लावतात तो पुदिना निराळा.

आता पात्रांकडे वळू. सर्वांत जुने म्हणजे पातेले आणि पंचा. त्याला खर्च नाही, पण उकळत्या पाण्याचे उघडे, वर जड आणि खाली गुळगुळीत असे हे भांडे मांडीजवळ घेऊन, डोक्यावरून पंचा ओढून, डोळे मिटून बसायचे, यापेक्षा धोक्याची बैठक शोधूनही सापडणार नाही.

दुसरे पात्र म्हणजे बाजारात मिळणारे विजेचे प्लास्टिकचे यंत्र. बाहेरून सारखी दिसणारी ही यंत्रे आतून दोन जातींची असतात. एका जातीत पाणी आणि तापणारा भाग यांच्यामध्ये धातूचा पडदा असतो. दुसऱ्या जातीत विजेच्या दोन पट्ट्या थेट पाण्यात बुडालेल्या असतात आणि वीज पाण्यातूनच वाहते. शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक असल्याने या यंत्राबरोबर चिमूटभर मीठ टाकण्याची सूचना असते. घरातील गाळणयंत्राचे निःक्षार पाणी घातले तर ते तापता तापत नाही, आणि मीठ सढळ पडले तर भसाभस उकळून पाणी बाहेर उडते. लक्षात ठेवण्याची मुख्य गोष्ट ही की, या जातीत पाण्यालाच विजेचा स्पर्श असतो. खटका बंद करून, प्लग भिंतीतून काढल्याखेरीज झाकणाला हात लावू नये. विकत घेताना दुकानदाराला झाकण उघडून आत दाखवायला सांगा. पट्ट्या दिसल्या, तर ते यंत्र न घेतलेले बरे.

तिसरे यंत्र परदेशातून ओळखीचे झाले आहे. त्याला टेबलावरचा व्हेपोरायझर म्हणतात. यात पाणी नसते. सुकलेली वनस्पती एका छोट्या कोठीत ठेवून तिच्यातून साधारण १६० ते २२० अंशांची तापलेली हवा सोडतात. पाला जळत नाही, धूर होत नाही आणि उडणारी द्रव्ये तेवढी बाहेर पडतात, अशी त्यामागची कल्पना. कल्पना शास्त्राला धरून आहे. परंतु उष्णता थोडी अधिक झाली की पाला करपतो, आणि मग धुरातील सर्व दोष त्यात येतात. शिवाय तिकडे त्याचा मुख्य उपयोग गांजासाठी होतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. भारतात २०१९ सालच्या ई-सिगारेटबंदीच्या कायद्याने, कोणताही पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याजोगे धूसर तुषार निर्माण करणारे विजेचे उपकरण बनवणे, आयात करणे, विकणे आणि साठवणे यांना मनाई केली आहे. त्यात निकोटीन असो वा नसो. औषधांच्या कायद्याखाली परवाना असलेली वस्तू तेवढी वगळली आहे. तेव्हा परदेशातील पुतण्याने प्रेमाने आणतो म्हटले, तरी त्याला नको म्हणून कळवावे.

म्हणजे उरते ते पडद्याआड तापणारे वाफेचे यंत्र. ते घेताना काय पाहावे? बूड रुंद आणि पाण्याची पातळी ठेंगणी असावी. उंच आणि निमुळते पात्र कोपर लागताच कलंडते. झाकण नुसते वर ठेवायचे नसावे, पिळून बसणारे असावे, म्हणजे पात्र आडवे झाले तरी पाणी एकदम ओतले जाणार नाही. पाणी संपताच आपोआप बंद होण्याची सोय हवी. भारतीय मानक चिन्ह पाहावे. पाला पाण्याच्या टाकीत टाकायचा नसून त्याच्यासाठी वाफेच्या वाटेवर निराळी वाटी असावी. टाकीत टाकलेला पाला तापत्या भागावर चिकटतो आणि करपतो. सर्व भाग सुटे होऊन धुता यावेत. इकडच्या क्षारयुक्त पाण्याने आत पांढरा थर धरतो. तो लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने सुटतो. वापरानंतर उरलेले पाणी ओतून पात्र कोरडे करावे, शिळे पाणी पुन्हा तापवू नये.

इतके पाहून घेतलेले पात्रही ठेवायचे कोठे, हा प्रश्न राहतो, आणि तो मला फार महाग पडला. गेल्या माघात मी टेबलावर असेच यंत्र ठेवून, तोंडावर पंचा घेऊन बसलो होतो. माझा चार वर्षांचा नातू टेबलाखाली खेळत होता. मेणकापडाची कड लोंबत होती, ती त्याने ओढली. यंत्र चांगले होते, पण झाकण मी घाईत नीट पिळले नव्हते. त्याचा डावा हात कोपरापर्यंत पोळला. सून नळाखाली त्याचा हात धरून उभी राहिली. मी मात्र हळद आणायला स्वयंपाकघरात धावलो होतो. डॉक्टरांनी नंतर सांगितले की, सुनेने केले ते बरोबर आणि मी करू पाहत होतो ते चूक. हात बरा झाला. मनगटावरचा डाग अजून आहे. त्या टेबलावर आता मेणकापड नाही.

म्हणून पोळल्यावर करायचे तेही येथेच सांगून ठेवतो. तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, हळद, तूप, दंतमंजन काही लावू नये. चिकटलेला नसेल तर त्यावरील कपडा व दागिना काढावा, स्वच्छ कापडाने सैल झाकावे आणि डॉक्टर गाठावा. वाफही पाण्याइतकीच निर्दय असते. शंभर अंशांचे एक ग्रॅम पाणी शरीराच्या उष्णतेइतके निवताना सुमारे ६३ कॅलरी उष्णता देते. तेवढीच वाफ आधी पाणी होताना आणखी ५४० कॅलरी देऊन जाते. तोंड यंत्रापासून निदान दीड वीत दूर असावे आणि पाच-दहा मिनिटे पुरे समजावीत.

शेवटी एक प्रश्न विचारायलाच हवा. वाफाऱ्याने होते काय? या शहरात पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली संगीत महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून किती गाणाऱ्यांनी इथल्या थंडीत वाफ घेतली असेल, कोण मोजणार! वाफेने कोरडा घसा ओलावतो, चोंदलेले नाक घटकाभर मोकळे वाटते. हे सुख खरे आहे. परंतु सर्दी त्याने लवकर बरी होते असा भक्कम पुरावा मिळालेला नाही, आणि विषाणू त्याने मरत नाही. करोनाच्या दिवसांत, २०२० आणि २०२१ साली, लोकांनी तसे समजून दिवसातून अनेकदा वाफ घेतली; भाजलेल्या मुलांविषयी तेव्हा डॉक्टरांना वारंवार सावध करावे लागले. दम्याच्या माणसाला उग्र वासाने उलट धाप लागू शकते. दोन वर्षांखालील बाळाजवळ मेंथॉल किंवा कापूर नेऊ नये. लहान मुलांना वाफारा देऊच नये. त्यांच्या नाकात मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने घालणे बरे.

मोठ्या माणसाने मात्र, पात्र नीट पाहून घेतलेले असेल, झाकण पिळलेले असेल, वायर भिंतीकडे असेल आणि मूल दुसऱ्या खोलीत असेल, तर पाच मिनिटे ओव्याची वाफ खुशाल घ्यावी. उठताना आधी खटका बंद करावा, मग पंचा काढावा.