अनुशेष रस्त्यांचा, की माणसांचा?

प्रादेशिक असमतोलाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी अनुशेषावर येते. ही भाषा रुजवली वि. म. दांडेकर समितीने. १९८४ च्या अहवालाची रीत सरळ होती. रस्ते, सिंचन, शाळा अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा तिच्या खाली, त्याची तूट रुपयांत मांडायची. बेरीज निघाली सुमारे ३,१८७ कोटी. विदर्भ-मराठवाड्याच्या तक्रारीला आकड्यांचं बळ मिळालं, हे मोठंच काम. पण तिथे मोजलं गेलं ते सरकारने काय दिलं. ते वापरायला गावात कोण उरलं, हा रकानाच नव्हता.

रत्नागिरीत तो भरून पाहा. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गही घटला. राज्य मात्र त्याच दशकात सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. एरवी शाबासकीचा वाटावा असा हा आकडा. इथे तो मुख्यतः मुंबईला गेलेल्या पुरुषांची गैरहजेरी सांगतो. बाकीचं वाडीत दिसतं. दाराला कुलूप, मीटर जागेवर पण बिलात युनिट नावालाच, शाळेचा पट बोटांवर मोजण्याइतका, सातबाऱ्यावर काका-आत्यांसकट डझनभर नावं आणि जमीन पड. गणपतीला चाकरमानी आले की याच वाडीत पाय ठेवायला जागा नसते.

जपानने माणसंच मोजली. २०१४ मध्ये हिरोया मासुदा यांच्या गटाने निकष लावला तो असा: २०१० ते २०४० या काळात २० ते ३९ वयाच्या स्त्रियांची संख्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येणार असेल, तर ती नगरपालिका नामशेष होण्याच्या वाटेवर. यादीत ८९६ नावं आली. त्यात चक्क टोकियोतला तोशिमा विभागही होता, इकेबुकुरोसारखं गजबजलेलं स्टेशन असलेला! मला खटकतं ते वेगळंच. गावाच्या भवितव्याचं सगळं ओझं तरुण बायकांवर टाकलं, पण त्या गाव का सोडतात, हे या निकषातून कळतच नाही.

बीडचं दुखणं आणखी निराळं. तिथे तरुण जोडपी आहेत, पण दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जनगणनेची शिरगणती फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गाळपात होते. कोकणातली वाडी भाद्रपदात मोजली तर भरलेली, बीडचा तांडा फेब्रुवारीत मोजला तर ओस. दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही फसवे. त्यापेक्षा वर्षभराचा माग काढावा: विजेचा वापर, अंगणवाडीतली हजेरी, रेशन कोणत्या महिन्यात कुठल्या दुकानातून उचललं. ही दप्तरं सरकारकडेच आहेत.

मग इलाजही वेगळे दिसू लागतात. कोकणाला हवी सामाईक जमीन निर्धास्त कसायला देण्याची सोय, वानर-डुकरांचा बंदोबस्त आणि म्हाताऱ्यांना चालत गाठता येईल असा दवाखाना. बीडला हवं पाणी, आणि ते येईतो मागे राहिलेल्या पोरांसाठी नीट चालणारी हंगामी वसतिगृहं. अनुशेषाच्या फुटपट्टीने दोघांच्याही पदरात डांबरी रस्ताच पडतो.

जिल्हा हे एकक तर अशा मोजणीसाठी फारच मोठं. जनगणनेच्या तक्त्यात महसुली गाव दिसतं, वाडी दिसत नाही. बारा वाड्यांच्या गावातल्या चार ओस पडल्या आणि बाजारपेठेजवळच्या दोन फुगल्या, तर गावाची बेरीज जिथल्या तिथे राहते.